बसलेनमध्ये उभा टेम्पो आणि कॅमेऱ्याचे दहा सेकंद

ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावर रोज बसची वाट पाहणाऱ्यांचा अनुभव सारखाच असतो. अर्धा तास एकही बस नाही आणि मग एकामागोमाग तीन. पहिली खच्चून भरलेली, तिसरी जवळजवळ रिकामी. टीएमटीच्या, म्हणजे ठाणे महापालिकेच्या बससेवेच्या, नावाने बोटं मोडत आपण पहिलीत घुसतो. पण आगारातून तिन्ही ठरलेल्या अंतराने निघाल्या असल्या, तरी वाटेत हे असंच होतं.

समजा, मानपाड्याला थांब्यासमोर एक टेम्पो उभा आहे. बसला थांब्याला लागता येत नाही. ती शेजारच्या लेनमध्ये तिरकी उभी राहते, माणसं रस्त्यावर उतरून चढतात आणि मग पुन्हा रहदारीत घुसायला फट मिळेपर्यंत ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसतो. गेली दोन मिनिटं. तेवढ्यात पुढच्या थांब्यावर आणखी माणसं जमतात, त्यांना चढायला जास्त वेळ लागतो, बस आणखी मागे पडते. मागून येणाऱ्या बसला मात्र थांबे रिकामे मिळतात, म्हणून ती भराभर पुढे येऊन हिला गाठते. कासारवडवलीपर्यंत तिन्ही एका माळेत. टेम्पोवाला कधीच निघून गेलेला असतो.

बसलेन म्हणजे या दुखण्यावरचा जुना इलाज. रस्त्याची एक पट्टी, आपल्याकडे बहुधा डावीकडची, बससाठी राखून ठेवायची. लंडनमधली पहिली बसलेन १९६८ साली व्हॉक्सहॉल पुलावर आखली गेली, म्हणजे कल्पना नवी नाही. तिच्यामागचा हिशेब माणसांचा आहे. अमेरिकेतल्या शहरी वाहतूक अधिकाऱ्यांच्या ‘नॅक्टो’ या संघटनेच्या हिशेबाने खासगी गाड्यांच्या एका लेनमधून तासाला ६०० ते १,६०० माणसं जातात, तर बससाठी राखलेल्या लेनमधून ४,००० ते ८,०००. अर्थात हा आकडा लेन मोकळी असेल आणि बस पाठोपाठ धावत असतील तेव्हाचा. अर्ध्या तासाला एक बस येणार असेल, तर शेजारी तुंबलेल्या शंभर गाड्यांना ती रिकामी पट्टी दाखवून शिस्त शिकवायला जाऊ नये. लोक ऐकणार नाहीत आणि त्यांचं फारसं चुकणारही नाही.

बसलेनचं नाजूकपण असं की तिला थोडीशी बेशिस्तही चालत नाही. साध्या रस्त्यावर शंभरातल्या पाच जणांनी नियम मोडला तरी रहदारी कशीबशी सरकते. बसलेनमध्ये किलोमीटरभरात एकच गाडी उभी राहिली, तरी तिथून जाणाऱ्या प्रत्येक बसला बाहेर पडून परत आत यावं लागतं. उरलेली लेन मोकळी असण्याचा मग काही उपयोग नाही. दर पन्नास मीटरवर हवालदार उभा करणं कोणत्याही आयुक्तालयाला परवडणारं नाही. आणि हवालदार उभा असेपर्यंतच टेम्पो पुढे सरकतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

याला एक उत्तर सिमेंट-काँक्रीटचं. ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिसवर बसला स्वतंत्र रस्ता मिळाला, कारण तो रस्ताच उचलून वर नेला. बस वर, रिक्षा खाली. घुसखोरीचा प्रश्न मिटला. पुण्याने २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे कठडे घालून वेगळा केलेला बसमार्ग, आणली, अहमदाबादने २००९ मध्ये. दिल्लीने आंबेडकर नगर ते मूलचंद असा बीआरटी मार्ग २००८ मध्ये सुरू केला आणि २०१६ मध्ये उखडून टाकला. कठडे घालायला रुंदी लागते आणि राजकीय धीरही लागतो. घोडबंदरसारख्या रस्त्यावर, जिथे मेट्रोचे खांब, सेवा रस्ते, गायमुखकडे जाणारी अवजड वाहनं आणि दोन्ही बाजूंच्या गृहसंकुलांची फाटकं या सगळ्यांची एकमेकांशी ओढाताण चालू आहे, तिथे कठड्याची चर्चा फार लांब जात नाही. उरतात रंगवलेली पट्टी आणि तिच्यावर नजर ठेवणारा कॅमेरा.

कॅमेरा दोन ठिकाणी लावता येतो. खांबावर किंवा खुद्द बसवर. खांबावरचा कॅमेरा नवी मुंबईकरांच्या ओळखीचा आहे. कळंबोलीहून पुण्याकडे जाताना द्रुतगती मार्गावर २०२४ पासून ‘आयटीएमएस’ या नियम मोडणाऱ्यांना टिपणाऱ्या कॅमेरा यंत्रणेच्या कमानी लागतात, त्यातलेच ते भाऊबंद. अशा कॅमेऱ्याला जागा ठाऊक असते, समोरचा रस्ता बदलत नाही, त्यामुळे त्याचं काम सोपं. पण तो कुठे आहे हे आठवड्याभरात सगळ्यांना कळतं आणि टेम्पो त्याच्या नजरेपलीकडे तीस मीटरवर उभा राहू लागतो. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोने २००८ पासून बसच्या पुढच्या काचेमागे कॅमेरे लावून पाहिले, आणि न्यूयॉर्कने ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅनहॅटनच्या एम-१५ मार्गावर तेच सुरू केलं. कॅमेरा बसबरोबर फिरतो. बस जिथे अडेल, तिथे तो हजर.

आता तो टेम्पो पुन्हा समोर आणू आणि बसवरचा कॅमेरा काय करतो ते सावकाश पाहू.

बसवर एक कॅमेरा रुंद चित्र घेणारा असतो: रस्ता, पट्टा, थांबा, आजूबाजूच्या गाड्या. दुसरा अरुंद, नंबरप्लेटवर रोखलेला. दोन्हींच्या जोडीला एक छोटा संगणक आणि जीपीएस. बस लेनमधून येत असताना संगणक प्रत्येक चित्रात गाड्या शोधतो आणि विचारतो, ही गाडी लेनच्या रेषेच्या आत आहे की बाहेर? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मोकळ्या आकाशाखाली साध्या जीपीएसची चूक पाचेक मीटरपर्यंत जाते, आणि आपल्या रस्त्यांच्या लेनची मानक रुंदी आहे साडेतीन मीटर. म्हणजे गाडी बसलेनमध्ये आहे की शेजारच्या लेनमध्ये, हे जीपीएसला छातीठोक सांगता येत नाही. डोक्यावर मेट्रोचा पूल आणि बाजूला तीस मजली इमारती असल्या, की उपग्रहाचे संदेश भिंतींवरून उडून येतात आणि चूक आणखी वाढते. म्हणून जीपीएसचा उपयोग फक्त ‘आपण साधारण मानपाड्याजवळ आहोत’ इतपतच. नेमकी जागा चित्रावरून काढावी लागते: रंगवलेली रेषा, पदपथाची कड, खांब, आणि आधीच तयार करून ठेवलेला रस्त्याचा तपशीलवार नकाशा. त्या नकाशात लेन कुठून कुठपर्यंत, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, थांबा कुठे, डावीकडे वळायची मुभा कुठे, हे सगळं भरलेलं असतं. नकाशा चुकला, की कॅमेरा कितीही महागाचा असो, चलनही चुकणार.

टेम्पो रेषेच्या आत आहे असं ठरलं. पहिला-दुसरा सेकंद संपला. आता नंबर. नव्या उच्च सुरक्षा पाटीचा पृष्ठभाग आलेला प्रकाश आल्या दिशेलाच परत फेकतो, म्हणून कॅमेऱ्याने डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड झोत सोडला की अंधारातही पाटी उजळून निघते आणि अक्षरं काळी उठून दिसतात. संगणक एकेक अक्षर सुटं करून ओळखतो. बी आणि ८, एस आणि ५ यांत त्याचाही गोंधळ होतो, पण आपल्या नंबरांना एक घडण आहे: आधी दोन अक्षरं राज्याची, मग दोन आकडे आरटीओचे, मग मालिकेची अक्षरं, मग चार आकडे. एमएचनंतर एस ओळखला गेला तर तो ५ असणार, हे यंत्राला त्या घडणीवरून कळतं. एमएच ०४ म्हणजे ठाणे, एमएच ४३ म्हणजे नवी मुंबई. प्रत्येक अक्षराला संगणक खात्रीचे गुण देतो आणि बेरीज ठरावीक मर्यादेच्या खाली आली, तर ते चित्र चलनासाठी वापरायचं नाही असं ठरवून ठेवता येतं.

इथे आपल्याकडची एक खास जमात आडवी येते. ४१४१ चा ‘दादा’ करणारे, नंबर देवनागरीत डौलदार लिहिणारे, पाटीवर आडनाव मोठं आणि आकडे मुंगीएवढे ठेवणारे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ५० वा नियम रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडेच मागतो, त्यामुळे हे सगळे मुळातच गुन्हेगार. पण कॅमेऱ्याच्या दृष्टीने ते नुसते अदृश्य असतात. चलन येतं सरळ नंबर लावणाऱ्याला. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा पाटी लावण्याची राज्यात जी सक्ती झाली, तिच्यावर आपण कितीही वैतागलो असलो तरी हा एक फायदा मान्य करावा लागेल.

नंबर मिळाला तरी गुन्हा सिद्ध होत नाही. एका फोटोत उभी गाडी आणि धावती गाडी सारखीच दिसते. डावीकडच्या गल्लीत वळणारी गाडी क्षणभर बसलेनमध्ये येणारच. ती यावी म्हणून तर तिथे रेषा तुटक ठेवतात. त्यामुळे पुरावा म्हणून चित्रफीत लागते: सुरुवातीला गाडी इथे होती, बस जवळ आली तेव्हाही तिथेच होती, दिवा वळायचा नव्हता, पुढे गल्ली नाही. दहाएक सेकंदांची ही फीत, वेळ, जागा आणि नंबर यांचं एक पाकीट तयार होतं आणि मोबाइलच्या जाळ्यावरून कार्यालयात जातं. टेम्पोचे चारही दिवे लुकलुकत होते की नाही याने काही फरक पडत नाही. (पार्किंग लाइट लावले की कुठेही उभं राहायचा परवाना मिळतो, ही समजूत ठाण्यात नेमकी कुठून आली हे शोधण्यासारखं आहे.)

कार्यालयात माणूस बसलेला हवा. माझ्या मते या सगळ्या यंत्रणेत कात्री लावायला सगळ्यात सोपी आणि लावू नये अशी एकच जागा आहे, ती ही. टेम्पो बंद पडला होता का, पुढे अपघात झाला होता का, हवालदारानेच हात करून त्या लेनमध्ये वळवलं होतं का, रुग्णवाहिकेला वाट देण्यासाठी कार आत घेतली होती का, हे माणसाला एका नजरेत दिसतं. यंत्राला शिकवलं तरच दिसतं. न्यूयॉर्कमध्ये माणसांची तपासणी असूनही २०२४ मध्ये बसवरच्या कॅमेऱ्यांनी नियमात उभ्या असलेल्या गाड्यांनाही चलनं पाठवल्याचं उघड झालं आणि ती रद्द करावी लागली. तिथे अनेक रस्त्यांवर गाडी कुठे उभी करायची हे सफाईच्या वारांवर ठरतं आणि ते यंत्राला नीट सांगितलेलं नव्हतं. ठाण्यात सम-विषम तारखांचं पार्किंग असलेल्या नौपाड्यातल्या एखाद्या रस्त्यावर असा कॅमेरा फिरवला तर काय होईल, याची कल्पना करा.

धावत्याला सोडा, उभ्याला धरा

आपल्याकडे ही यंत्रणा आणायची तर आधी ठरवायला हवं, की नेमकं कोणाला पकडायचं. न्यूयॉर्कच्या लेनमध्ये प्रामुख्याने चारचाक्या घुसतात. ठाण्यात पट्टी रंगवल्याच्या पहिल्या सकाळी तिच्यात दुचाकी भरतील. त्या सगळ्यांना चलन पाठवायचं म्हटलं तर पहिल्या महिन्यातच तक्रारींचा ढीग होईल, आणि बसला त्याचा फायदा होईल फार थोडा, कारण चालती दुचाकी बसला फारशी अडवत नाही. अडवतो तो उभा टेम्पो, थांब्यावरच प्रवासी भरणारी शेअर रिक्षा, आणि ‘बायको औषधं घेऊन येतेच आहे’ म्हणत इंजिन चालू ठेवून बसलेला कारवाला. म्हणून पहिली काही वर्षं फक्त उभ्या वाहनांवर आणि त्यातही थांब्यांच्या आसपास कॅमेरा रोखावा, असं माझं मत आहे. पुरावाही सोपा: गाडी हलत नाही, म्हणजे वळत होती की नव्हती हा वाद उरत नाही. गंमत म्हणजे न्यूयॉर्कनेही २०२४ मध्ये याच दिशेने पाऊल टाकलं. आधी फक्त बसलेन पाहणारे कॅमेरे तेव्हापासून थांबा अडवणाऱ्या आणि दुहेरी पार्किंग करणाऱ्या गाड्याही टिपू लागले.

रिक्षांचं काय, हा प्रश्न टाळता येणार नाही. लंडनमध्ये काळ्या टॅक्सींना बहुतेक बसलेन खुल्या आहेत, आणि रिक्षा संघटना हेच उदाहरण देतील. पण तिथल्या टॅक्सीवाल्यांचा तळ बसथांब्यावर नसतो. इथे स्टेशनकडे जाणाऱ्या शेअर रिक्षा थांब्याच्या पुढ्यातच गिऱ्हाईक हाकारतात, कारण बसची वाट पाहून कंटाळलेलं गिऱ्हाईक तिथेच मिळतं. त्यांना थांब्यापासून थोड्या अंतरावर रीतसर जागा आखून दिल्याशिवाय नुसती चलनं फाडणं म्हणजे पोट आणि कायदा यांची कुस्ती लावून बाजूला उभं राहणं. मालाच्या टेम्पोंचंही तसंच. दुकानाला माल लागतोच, आणि तो उतरवायला सकाळची ठरावीक वेळ किंवा मागच्या गल्लीत जागा दिली नाही, तर टेम्पो बसलेनमध्येच येणार आणि चलनाची रक्कम भाड्यात मिळवून घेणार. एसटी, शाळेच्या आणि कंपन्यांच्या बस आत घ्यायच्या की नाही, हेही आधी लिहून ठेवावं लागेल. कॅमेऱ्याला मोघम चालत नाही.

दंड किती असावा यावर आपल्याकडे नेहमी तावातावाने चर्चा होते. न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा ५० डॉलर, आणि बारा महिन्यांत पुन्हा-पुन्हा सापडलात तर चढत-चढत २५० डॉलर. लंडनमधल्या मोठ्या रस्त्यांवर १६० पौंड, पण चौदा दिवसांत भरलात तर निम्मे. आपल्या मोटार वाहन कायद्यात वाहन चालवण्याच्या विनियमांच्या भंगासाठी, ज्यात लेनची शिस्तही येते, २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १७७-अ खाली ५०० ते १,००० रुपये दंड आहे. हजार रुपये पुरेसे आहेत, जर ते हमखास बसणार असतील तर. दिल्लीने एप्रिल २०२२ मध्ये बसलेनसाठी दहा हजारांपर्यंतच्या दंडाची मोहीम काढली होती. पण दहा हजारांचा दंड वर्षातून एकदा कोणाला तरी झाला, तर बाकीचे तो नशिबाचा भाग समजतात.

कायद्याचा पाया देशात तयार आहे. त्याच २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १३६-अ रस्त्यांवर इलेक्ट्रॉनिक देखरेखीची मुभा देतं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये आलेला नियम १६७-अ तिची पद्धत सांगतो. त्यात स्पीड कॅमेरा, सीसीटीव्ही, नंबर ओळखणारी यंत्रणा यांच्याबरोबर डॅशबोर्डवरचा कॅमेराही नावानिशी आहे, म्हणजे बसवरच्या कॅमेऱ्यासाठी दार उघडं आहे. अनधिकृत जागी उभं राहणं आणि लेनची शिस्त मोडणं ही दोन्ही त्या नियमातल्या गुन्ह्यांच्या यादीत आहेत. उपकरणाला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नव्याने घ्यायचं. कॅमेरा असलेल्या टप्प्यावर ठळक फलक लावायचा. गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस पाठवायची. फोटोत गुन्हा आणि नंबर दोन्ही स्पष्ट दिसले पाहिजेत.

अडचण आहे ती घराघरातल्या वाटणीची. बस महापालिकेच्या परिवहन सेवेची, चलन वाहतूक पोलिसांचं, रस्त्याचा एखादा तुकडा तिसऱ्याच खात्याचा, आणि कॅमेरा बहुधा ठेकेदाराचा. ठेकेदाराला दर चलनामागे पैसे द्यायचे असा करार झाला, की तपासणी ढिली होणार हे सांगायला ज्योतिषी नको. कॅलिफोर्नियाने लाल दिव्याच्या कॅमेऱ्यांसाठी असे करार कायद्यानेच बंद केले आहेत. आपल्याकडे निविदा काढतानाच ती अट घालावी. शिवाय ज्या गाड्यांनी काहीच केलं नाही त्यांची चित्रं किती दिवसांत पुसायची, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावं. बस दिवसभर फिरणार म्हणजे अर्धं ठाणे कुठे उभं होतं याची नोंद तिच्या पोटात जमणार.

आणि पावसाळा. जुलैत पट्ट्याचा रंग खड्ड्यांबरोबर वाहून जातो, भिंगावर चिखल बसतो, नंबरप्लेट मातीने माखतात. जिथे रेषा माणसाला दिसत नाही तिथलं चलन टिकू नये, असं मला वाटतं. नकाशात ती कितीही ठळक असली तरी. रेषा पुन्हा रंगवेपर्यंत तेवढ्या तुकड्यावर कॅमेरा बंद ठेवावा.

ही यंत्रणा येईपर्यंत आपल्या हातात येतात ती नेहमीची ई-चलनं, आणि ती पाहायची रीत बसलेनच्या चलनालाही लागू पडेल. आधी महाट्रॅफिक अ‍ॅप किंवा परिवहनच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाइल आली तर ती उघडू नका, ते भामट्यांचं काम असतं. चलनातला फोटो मोठा करून पाहा: गाडी तुमचीच आहे का, की नंबर तुमचा आणि रंग-मॉडेल दुसऱ्याचं? तसं असेल तर कोणीतरी तुमचा नंबर लावून फिरतंय, आणि दंड बाजूला ठेवून आधी पोलिसांत तक्रार द्यायला हवी. वेळ आणि जागा जुळते का, नोटीस मुदतीत आली का, कोणतं कलम लावलं आहे, हेही बघा. गाडी तुमच्या नावावर पण चालवत दुसरंच कोणी असेल, तर कलम १३३ खाली चालकाची माहिती विचारली गेल्यावर ती द्यावी लागते. चलन आधी येतं ते मालकाच्याच नावाने. चूक वाटली तर अ‍ॅपवरच तक्रारीची सोय आहे. तक्रार करताना आरसी बुकाचा आणि गाडीचा मागून-पुढून काढलेला स्पष्ट फोटो जोडा. नुसतं ‘मी तिथे नव्हतो’ लिहून सहसा भागत नाही.